‘जितका पातळ तितका मजबूत’: हे वाक्य कुठवर खरं?

प्रश्न असा आहे: तांबं आणि नायोबियम यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटून-पालटून चढवून केलेल्या धातूविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘थर जितका पातळ तितका मजबूत’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘थर’ऐवजी ‘पापुद्रा’ किंवा ‘पदर’ घ्यावा का?

आधी शब्दाचं सांगतो, ते लवकर संपेल. ‘पापुद्रा’ नको. पापुद्रा म्हटलं की तो सुटणार, हेच मनात येतं; इथे तर सगळी करामत घट्ट चिकटून राहण्यात आहे. ‘पदर’ दोराला किंवा रस्त्याला शोभतो. ‘मुलामा’ फक्त वरचा. ‘पूट’ मला आवडतो, कारण हे थर खरोखरच पुटांवर पुटं चढवावीत तसे चढवले जातात. पण पूट म्हटल्यावर खाली वेगळी वस्तू आहे असं वाटतं, आणि इथे पुटांखेरीज वस्तूच नाही. तेव्हा ‘थर’च बरा, आणि सगळ्या वस्तूला ‘बहुथरी धातू’. ‘पातळ’बद्दल शंका नको. तो द्रवालाही लागतो हे खरं, पण त्याचं मूळ ‘पत्र’ म्हणजे पान या शब्दाशी जातं. आपला ‘पत्रा’ही तिथलाच. धातूच्या थराला याहून घरचं विशेषण कुठून आणणार?

खरी अडचण ‘जितका–तितका’ची आहे. ही जोडी मापाला माप लावते आणि कुठे थांबायचं ते सांगत नाही. धातू मात्र थांबतो.

धातू वाकतो तो अणूंच्या रांगांमधल्या एका सरकत्या दोषामुळे, त्याला डिसलोकेशन म्हणतात. (‘दोष’ शब्दात ठपका आहे, पण हा दोष नसता तर धातूला आकार देणं महाकठीण झालं असतं.) त्याचं सरकणं अडवलं की धातू मजबूत होतो, आणि दोन धातूंमधली सीमा तेच करते. थर शेकडो नॅनोमीटरचा असेल तर हे दोष सीमेपाशी येऊन तुंबतात. तुंबलेल्यांचा एकत्रित रेटा सीमेवर पडतो आणि ती लवकर हार मानते. थर पातळ केला की तुंबायला जागा कमी, रेटा कमी, म्हणून बाहेरून जास्त जोर लावावा लागतो. धातूंचे अभ्यासक हॉल यांनी 1951 मध्ये आणि पेच यांनी 1953 मध्ये लोखंड-पोलादातल्या कणांच्या (म्हणजे धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या) आकाराबद्दल जो नियम मांडला, तोच इथे जाडीला लागू पडतो. (कण ‘बारीक’, थर ‘पातळ’, ही विशेषणं आपसात बदलू नका.) त्या नियमात जाडी वर्गमुळातून येते: थर चौथाई केला तर वाढीव मजबुती दुप्पट होते, चौपट नव्हे. म्हणजे ‘जितका–तितका’ची मापं इथेच चुकली.

जाडी काही दहा नॅनोमीटरवर आली की तुंबायलाही जागा उरत नाही. एकेकट्या दोषाला दोन सीमांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून धनुष्यासारखं वाकून पुढे जावं लागतं. वाट अरुंद तितकी कमान तीव्र, म्हणून मजबुती अजून वाढते, पण हॉल–पेचचा नियम आता लागत नाही.

आणि मग ती जागा येते जिथे वाक्य मोडतं. थर चार-पाच नॅनोमीटरच्या खाली गेला की कमान करून सरकण्यापेक्षा सीमा ओलांडणंच दोषाला सोपं पडतं. त्यानंतर मजबुती जाडीवर नव्हे, सीमेच्या अडवण्याच्या ताकदीवर ठरते. तांबं–नायोबियमच्या जोडीत ही कमाल साधारण 1 ते 2 नॅनोमीटरच्या आसपास गाठली जाते. 2 नॅनोमीटर म्हणजे तांब्याचे अणूंचे जेमतेम दहा स्तर! त्याहून पातळ केलं तर मजबुती तिथेच राहते किंवा उतरते.

आणखी एक गोष्ट. त्या वाक्यात ‘मजबूत’ हे थराचं विशेषण झालं आहे. सुट्या थराच्या मजबुतीचा इथे प्रश्नच नाही. मजबुती आहे ती सगळ्या बहुथरी धातूची, आणि ती येते शेजाऱ्याशी असलेल्या सीमेतून. भौतिकशास्त्रज्ञ कोहलर यांनी 1970 मध्ये मजबूत पदार्थ मुद्दाम घडवण्याची कल्पना मांडली, तीही दोन वेगळ्या स्वभावाच्या धातूंचे पातळ थर आलटून-पालटून ठेवण्याचीच होती. म्हणून ‘मजबूत’ला कर्ता बदलून द्यायला हवा.

‘जितका–तितका’च्या जागी मी ‘जसजसा–तसतसा’ घेईन. त्यात मापाचा हिशेब नाही, चालत राहण्याची क्रिया आहे, आणि चालणाऱ्याला ‘पर्यंत’ म्हणून थांबवता येतं: ‘थर जसजसे पातळ करावेत तसतसा बहुथरी धातू मजबूत होत जातो, पण काही नॅनोमीटरपर्यंतच, त्याखाली तो तेवढाच राहतो किंवा मऊ पडू लागतो.’ वाक्य लांबलं हे मान्य. पण मूळ मजकुरातला आलेख चढतो, सपाट होतो आणि कधी उतरतोही. ‘जितका–तितका’मध्ये त्याचा फक्त चढ आला होता.