गणपतीत आईजवळ कोण?

गुहागरकडच्या वाडीत एकट्या असलेल्या आईसाठी मुंबईच्या ब्युरोकडून चोवीस तासांची बाई ठेवावी का, असं न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय. ठेवा, पण ब्युरोला पगाराच्या आधी गणपतीचं विचारा. त्या दिवसांत ज्याला त्याला आपलं घर गाठायचं असतं, आईला सांभाळणाऱ्या बाईलाही. शिमग्याला तेच. ‘बदली पाठवू’ एवढ्यावर फोन ठेवू नका. बदलीचं नाव घ्या आणि सणाआधी ती दोन दिवस आईसोबत राहून जाईल असं ठरवा.

माझा कल पंचक्रोशीतल्या बाईकडे. शहरातली बाई कामाला वाघ असली तरी पावसात वीज गेली, रेंज गेली, शेजारचं घर कुलूपबंद, की आठवड्यात गाशा गुंडाळते. (आईला आमसुलाचं सार कसं लागतं हेही तिला शिकवावं लागतं, ते वेगळंच.) मात्र ओळखीची म्हणून आधारची प्रत आणि पोलीस पडताळणी टाळू नका. आधी जिथे काम केलं त्या घरी तुम्ही स्वतः फोन करा.

आया आणि नर्स यांत गल्लत नको. अंघोळ, जेवण, गोळ्यांची आठवण हे आयाचं काम. नाकातली किंवा लघवीची नळी, इंजेक्शनं असतील तर एएनएम वा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स केलेलीच हवी; तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. आई अंथरुणाला खिळली असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एकट्या बाईकडून हे होणार नाही, दोन पाळ्या लावा.

न्हाणीघर मागल्या दारी आहे का, ओटीला पायऱ्या किती, हे बाईला आधीच सांगा. 108ची गाडी दारापर्यंत येते का? अनेक वाड्यांत ती वरच्या रस्त्यावरच थांबते आणि पेशंटला खुर्चीत बसवून घाटीने वर न्यावं लागतं. उचलणाऱ्या चौघांचे नंबर बाईकडे हवेत. डेरवणच्या हॉस्पिटलात न्यायचं की रत्नागिरीच्या, तेही आजच ठरवा.

पगार थेट बाईच्या खात्यात भरा. आईच्या एटीएमचा पिन मात्र कुणालाच नको.

कॅमेऱ्यावर माझा फारसा भरवसा नाही. शेजारच्या काकूंना अवेळी डोकावायला सांगा. आणि बाई सकाळी बाजारात जाते तेव्हा, म्हणजे तुमच्या रात्री, आईला फोन करा. बाई समोर असली की आई ‘सगळं बरं आहे’ एवढंच म्हणेल.