मुलीला नाही, तुम्हालाच सांगायचंय

पत्राचा सारांश: मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंगसाठी सीईटी द्यायची ठरली होती, पण आता म्हणते की बी.ए. जपानी करणार आणि पुढे त्याच भाषेच्या साहित्यात एम.ए. भाषा शिकायला माझी ना नाही. जपानी भाषेच्या परीक्षेतलं एन-२ झालं की पुण्यात आयटीत चांगलं पॅकेज मिळतं असं ऐकलंय. पण साहित्य कशाला? ऐन अभ्यासाच्या दिवसांत ती काय करत बसते ते कळावं म्हणून तिच्या वहीच्या पानांचे फोटो जोडतो आहे. पुस्तकं सध्या कपाटात कुलपात ठेवली आहेत. जपानी साहित्याला स्कोप नाही, हे तुमचं मत म्हणून तिला समजावून सांगा. मी पत्र लिहिलं हे तिला कळू देऊ नका. – एक पालक, सातारा जिल्हा

नमस्कार.

तिला समजावण्याचं काम मी करणार नाही, हे आधीच सांगून टाकते. स्कोप नाही असं माझं मत नाही. आणि तसं असतं, तरी तुमचं नाव लपवून ते तिच्या गळी उतरवलं नसतं. या वयाच्या मुलांना असा बनाव आज ना उद्या कळतोच, आणि मग ती घरातल्या कुणालाच काही विचारेनाशी होतात.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती त्या कुलपाची. तुम्ही ते एका ओळीत, सहज लिहून गेलात. पुस्तकं कुलपात, आणि वहीची पानं तिला न विचारता एका अनोळखी बाईकडे. ती परीक्षेत नापास झालेली नाही, घरातून पळून गेलेली नाही, खोटंही बोललेली नाही. काय शिकायचंय ते तिने तुम्हाला तोंडावर सांगितलं, एवढंच. खरं सांगण्याची शिक्षा मिळते हे तिने आज पाहिलं, तर उद्या ती तुम्हाला काय सांगेल? पुस्तकं आजच बाहेर काढा. वहीचे फोटो मला पाठवले हेही तिला स्वतःच सांगा. ती चिडेल. चिडू द्या.

आता त्या पानांविषयी. वेळ वाया घालवल्याचा पुरावा म्हणून तुम्ही ती पाठवलीत. मी ती दोनदा वाचली. शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाई' ही १९०६ सालची कादंबरी तिने इंग्रजीतून वाचली आहे. कादंबरीचा नायक उशिमात्सु हा शाळामास्तर. मेलेली जनावरं ओढणं, कातडं कमावणं ही कामं ज्यांच्या माथी मारून ज्यांना अस्पृश्य ठरवलं गेलं, त्या समाजातला. वडिलांनी त्याला बजावलेलं असतं की काहीही झालं तरी आपली जात कुणाला सांगायची नाही. शेवटी तो वर्गात, आपल्या विद्यार्थ्यांपुढे, खरं सांगतो आणि गुडघे टेकून माफी मागतो. तुमच्या मुलीने तिथे समासात लिहिलंय, 'तो माफी का मागतो? गुन्हा कुणाचा?' आणि खाली दोन-तीन मराठी दलित आत्मकथनांची नावं लिहून पुढे म्हटलंय, 'इथे कुणी माफी मागत नाही.'

हा वेळ वाया गेलेला नाही. साहित्याचा अभ्यास म्हणतात तो हाच. नेमका याच शेवटावर जपानमध्येही आक्षेप घेतला गेला. तोसोन स्वतः त्या समाजातले नव्हते, आणि नायकाला गुडघ्यावर आणणं त्या समाजाच्या कार्यकर्त्यांना मान्य झालं नाही. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर कादंबरीत सापडणार नाही, त्यासाठी इतिहासात जावं लागेल. जपानच्या तेव्हाच्या मेईजी सरकारने १८७१ मध्ये फतवा काढून जुन्या अपमानकारक जातिवाचक संज्ञा रद्द केल्या, सगळ्यांना सामान्य नागरिक ठरवलं. पण लगेच पुढच्या वर्षी घरोघरची नोंदणी झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी या लोकांच्या नावापुढे 'नवे नागरिक' असा शेरा पडला. म्हणजे शिक्का पुसला आणि दुसरा मारला. उशिमात्सुच्या वडिलांची भीती खोटी नव्हती, हे त्यावरून कळतं. १९२२ मध्ये क्योतोमध्ये 'सुइहेइशा' ही संघटना उभी राहिली आणि त्या माणसांनी आपली ओळख लपवायचं नाकारलं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पाच वर्षांच्या अंतराने दोन देशांत हे घडलं. मराठी, जपानी आणि इतिहास या तिन्ही बाजूंनी यावर काम करू शकेल असं माणूस सहजी मिळत नाही. तुमच्या मुलीने ते धागे बारावीत, कुणी न सांगता जोडलेत.

तुमचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण तो बऱ्याच घरांत आहे. एन-२ म्हणजे जपानी येणं, आणि साहित्य म्हणजे त्याच्यावरची हौस, असं तुम्ही धरून चाललाय. जेएलपीटी ही जपानी भाषेची, एन-५ (सगळ्यांत सोपी) ते एन-१ अशा पाच पातळ्यांची परीक्षा. तिच्यात शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात, तेही पर्यायी उत्तरांतून. बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षा त्यात नाहीच. नोकरीच्या दारात शिरायला ते प्रमाणपत्र उपयोगी पडतं, हे खरं. पण साहित्य शिकणारी मुलगी हीच परीक्षा वाटेत देतच असते. तिने बी.ए. जपानी केलं म्हणून तुमचं आयटीचं दार बंद होत नाही. उलट निव्वळ एन-२ वाल्याला अकराव्या शतकातली 'गेंजी मोनोगातारी' ही कादंबरी मुळातून वाचता येणार नाही. आजचे जपानी लोकसुद्धा ती आधुनिक जपानीत उतरवलेली वाचतात. जुनी भाषा वेगळी शिकावी लागते, आणि ती विद्यापीठात शिकवतात.

वाटा थोडक्यात सांगते: सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतून दिल्लीचं जेएनयू, शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठाचं निप्पोन भवन, पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट या पात्रता परीक्षेत जपानी हा विषय आहे. जपानी भाषा-संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांना वर्षभर तिथे शिकायला जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मिळू शकते. अर्ज वकिलातीमार्फत होतात.

पैशाचंही स्पष्ट बोलते. साहित्याच्या अनुवादावर घर चालत नाही, निदान सुरुवातीची बरीच वर्षं तरी नाही. कंपन्यांची कागदपत्रं भाषांतरित करणं, दुभाष्याचं काम, शिकवणं यांवर चालतं, आणि आवडीचं वाचन-लेखन त्याच्या जोडीने करावं लागतं. हे तिला माहीत असायला हवं. भीती घालून सांगू नका, हिशेब म्हणून सांगा.

तिच्यासाठीही एक सूचना आहे, आणि ती कडक आहे. आतापर्यंत तिने सगळं इंग्रजीतून वाचलंय. जपानी लिपीशी रोज झगडायला तिला आवडतं की नाही, हे अजून तिलाही ठाऊक नाही. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हंच, २,१३६ आहेत. सीईटी तिने द्यावी, नाही म्हणू नये. ती झाली की निकालापर्यंत हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला आणि एन-५ यांचा अभ्यास नेटाने करावा. तेवढ्यात कंटाळा आला, तर मग इतिहास किंवा तौलनिक साहित्य घेऊन जपान हा अभ्यासाचा एक भाग ठेवता येईल. मला वाटतं तिला कंटाळा येणार नाही, पण माझ्या वाटण्यावर प्रवेश घेऊ नका.

पुढचं पुस्तक हवं असेल तर नाकागामी केन्जी यांची 'मिसाकी' तिला द्या. इंग्रजीत मिळते. नाकागामी स्वतः उशिमात्सुच्याच समाजात जन्मले, आणि या कादंबरीला मानाचं अकुतागावा पारितोषिक मिळालं. ती वाचून झाली की माफीच्या प्रश्नावर तिला पुन्हा लिहायला सांगा, आणि तिची परवानगी असेल तर तुम्हीही वाचा.