वाचकांचे प्रश्न: तारा उतरवल्या की खरखर का?

प्रश्न: ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बममधलं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ वाजवायला गिटार तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवली. तारा फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून खरखरतात. काय करू?
– वाचक, मुलुंड

उत्तर: जाड तारेकडून सूर सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प असे हवेत. तीन सेमीटोन उतरलं की त्याच तारेचा ताण सुमारे ३० टक्के कमी होतो, म्हणून ती जास्त झुलते. ०.००९ इंचांचा (सर्वांत पातळ तारेची जाडी) संच काढून ०.०११ ते ०.०५४चा लावा. तरी पहिल्या फ्रेटांजवळ खरखर राहिली, तर ट्रस रॉड (गळ्याचा बाक ठरवणारी आतली सळई) पाव वळसाच सैल करा आणि पुन्हा सूर लावून तपासा. जाड तार नटच्या (गळ्याच्या डोक्याकडच्या टोकाची पट्टी) खाचेत अडकली तर सूर टिकत नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा.

ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीच्या तारा मात्र पातळ होत्या. कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटलेली, तो डावखुरा, म्हणजे तार दाबणारी बोटंच ती. सैल तारा त्याला दाबायला सोप्या. बँडचा बासवादक गीझर बटलरनेही बास गिटार तितकाच उतरवला, म्हणून १९७१चा हा आवाज इतका जड आहे. पुढचं डूम आणि स्लज मेटल (हेवी मेटलचे संथ, जड प्रकार) इथूनच निघालं. याच अल्बममधलं ‘इन्टू द व्हॉइड’ हेडफोनवर ऐका, बासकडे कान ठेवून.