बंगल्यात ३० × १५ फुटांचा स्विमिंग पूल घ्यावा की लहान?

तुम्ही दिलेली माहिती अशी: पुण्याबाहेर ५ गुंठ्यांचा प्लॉट, तळमजल्याचं बांधकाम साधारण १,८०० चौरस फूट, घरात आई-वडील, तुम्ही दोघं आणि ६ व १० वर्षांची मुलं. कंत्राटदाराने ३० × १५ फूट, खोली ३ ते ७ फूट असा पूल सुचवलाय. माझ्या मते तो तुमच्या घराला जवळजवळ दुपटीने मोठा आहे, आणि आधी हात घालायचा तो खोलीला. लांबी-रुंदीचं नंतर बघू.

७ फूट पाणी घरात कोणाच्याच कामाचं नाही. सूर मारायला ते कमी पडतं. डोक्याकडून उडी घ्यायची तर किमान ९ फूट खोली आणि पुढे भरपूर मोकळी लांबी लागते. उभं राहायला ते जास्त होतं. घरच्या पुलात माणसं ९० टक्के वेळ उभी असतात, चालतात, चेंडू खेळतात, मुलांना धरून पोहायला शिकवतात. हे सगळं ३ ते ४.५ फुटांत होतं. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला ३ फूट पाणी गळ्याशी येईल, दहा वर्षांच्याला छातीशी. आई-वडिलांना पाण्यात चालायचं असेल तर छातीपर्यंतचं, म्हणजे साडेतीन-चार फुटांचं पाणी सर्वांत चांगलं, गुडघ्यांवर भार येत नाही.

शिवाय ३० फुटांत ३ वरून ७ फुटांवर जायचं म्हणजे उतार १ : ७.५ होतो. ओल्या टाइल्सवर एवढ्या उतारावरून लहान मूल नकळत खोल बाजूला सरकत जातं. उभं राहण्याच्या भागात उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा. २४ फुटांत ३ वरून ४.५ फूट केलं तर तो १ : १६ येतो आणि पायाला जाणवतही नाही.

म्हणून माझा आकडा: २४ × १२ फूट, खोली ३ ते ४.५ फूट, एकसारख्या उताराची. लहान मुलांसाठी वेगळा छोटा पूल करू नका, तीन-चार वर्षांत त्याचा उपयोग संपतो. त्याऐवजी उथळ टोकाला पायऱ्यांच्या शेजारी ६ × ४ फुटांचा, सव्वा फूट पाण्याचा ओटा ठेवा. आज मुलं त्यावर खेळतील, उद्या मोठी माणसं बसतील. पायऱ्या ४ फूट रुंद, पाऊल ठेवायला १२ इंच, उंची ७-८ इंच, आणि एका बाजूला स्टीलचा कठडा. आईंसाठी भिंतीला लावलेली उभी शिडी चालणार नाही.

आता पाण्याचा हिशेब. लांबी × रुंदी × सरासरी खोली (सगळं फुटांत) × २८.३ म्हणजे लिटर. कंत्राटदाराचा पूल सुमारे ६३,७०० लिटरचा, मी सांगतोय तो सुमारे ३०,६०० लिटरचा. १०,००० लिटरच्या टँकरने भरायचा तर सहा-साडेसहा खेपा विरुद्ध तीन. भरणं एकदाच होतं म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, पण उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं तरी २४ × १२ च्या पृष्ठभागावरून २१० लिटर आणि ३० × १५ वरून ३३० लिटर रोज जातात. त्यात आठवड्याच्या बॅकवॉशचे (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याचे) चार-सहाशे लिटर धरा. एप्रिल-मे मध्ये, बोअरवेल मान टाकते तेव्हाच, हे पाणी लागतं. तुमच्या भागात मे महिन्यात घरच्या वापरासाठीच टँकर मागवावा लागत असेल, तर २० × १० फुटांच्या पुढे जाऊच नका.

औषध आणि वीजही पाण्याच्या मापानेच चालतात. लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर ६५ टक्के क्लोरीनची पावडर दर वेळी लहान पुलाला साधारण ९५ ग्रॅम पडते, मोठ्याला १९५. सगळं पाणी ६ तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे लहान पुलाला तासाला ५,१०० लिटर. त्याला २० इंची वाळूचा फिल्टर आणि पाऊण अश्वशक्तीचा पंप पुरतो. मोठ्याला तासाला १०,६०० लिटर, म्हणजे २४ ते २८ इंची फिल्टर आणि एक ते दीड अश्वशक्ती. इथे नेहमी एक गडबड होते: पूल मोठा आणि बजेट संपलं म्हणून फिल्टर लहान बसवतात. पाणी आठवडाभर छान दिसतं, पाहुणे येऊन गेले की दुधाळ होतं, मग हिरवट, आणि घरचे वर क्लोरीन ओतत राहतात. दोष क्लोरीनचा नसतो, पाणी पुरेसं फिरलेलंच नसतं.

हिवाळ्यात वापरायचाय का, हेही आत्ताच ठरवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत उघड्या पुलाचं पाणी मुलांना सोसत नाही, २७-२८ अंश लागतात. ३०,६०० लिटर पाणी एक अंश वाढवायला ३५ युनिटांइतकी उष्णता लागते. हीट पंपाने (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या यंत्राने) तेच काम ८ युनिटांत होतं. मोठ्या पुलाला साधारण दुप्पट. रात्री पाण्यावर आच्छादन टाकलं नाही तर मिळवलेली उष्णता सकाळपर्यंत बरीचशी गेलेली असते, आणि आच्छादन सरळ चौकोनी पुलावरच नीट बसतं. नागमोडी आकार नको म्हणण्याचं हे एक कारण पुरेसं आहे.

व्यायामासाठी पोहायचं असेल तर मात्र गणित वेगळं. २४ काय किंवा ३० काय, दोन्ही त्यासाठी तोकडे आहेत. भिंतीला पाय मारून निघालात की दहा-बारा फूट घसरण्यातच जातात, तीन-चार हात मारेपर्यंत समोरची भिंत येते. तेव्हा ४० × ९ फूट, सरसकट ४ फूट खोल असा लांबट पूल घ्या. त्यात ४०,८०० लिटर पाणी बसतं, म्हणजे कंत्राटदाराच्या पुलापेक्षा कमीच, आणि तो कंपाउंडच्या लांब बाजूने छान बसतो. एकट्यालाच पोहायचं असेल तर २४ फुटांच्या पुलात भिंतीला हूक आणि कमरेला लवचीक दोरीचा पट्टा हा स्वस्त उपाय आहे, जागच्या जागी अर्धा तास पोहता येतं.

माणसांचा हिशेब मी माणशी ४० चौरस फूट पाणी असा धरतो. २८८ चौरस फुटांत सात जण आरामात मावतात. वर्षातून दोनदा पंधरा पाहुणे येतात म्हणून पूल वाढवू नका, भोवतालची फरसबंदी वाढवा. पाहुण्यांतले निम्मे काठावर पाय सोडूनच बसतात. तीन बाजूंना ३ फूट आणि बसायच्या बाजूला ७ फूट सोडलं तर एकूण ३० × २२, म्हणजे ६६० चौरस फूट जागा जाते. कंत्राटदाराच्या पुलाला त्याच हिशेबाने ३६ × २५, म्हणजे ९००. पंपासाठी ६ × ४ फुटांची खोली त्यात धरलेली नाही, आणि ती पुलाजवळच हवी. काठोकाठ भरून वाहणारा ओव्हरफ्लो पूल हवा असेल तर त्याच्यासाठी पुलाच्या सुमारे दहा टक्के क्षमतेची वेगळी टाकीही लागते. तुमच्या जागेत मी साधा स्किमरवाला (भिंतीतल्या तोंडातून वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारा) पूल घेईन. आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून स्किमर पूर्वेच्या भिंतीत ठेवा, पानं आपोआप तिकडे जातात. चिंच किंवा गुलमोहराखाली पूल नकोच, ती बारीक पानं जाळीतून सुटून पंपापर्यंत पोहोचतात.

खोदकामाचं माप वेगळं असतं, हे कंत्राटदार सहसा आधी सांगत नाही. साडेचार फूट पाण्याला वरची मोकळी भिंत अर्धा फूट, तळाचा स्लॅब ८ इंच, पीसीसी (साधं काँक्रीट) ४ इंच, सोलिंग (दगडांचा थर) ९ इंच धरून पावणेसात फूट खड्डा लागतो. बाजूंना ९ इंची भिंत आणि सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा), वॉटरप्रूफिंगसाठी २ फूट जागा. हे सगळं धरून २४ × १२ ला सुमारे ३१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाई होते, ३० × १५ ला ५३. मुरूम असेल तर जेसीबी दोन दिवसांत काढेल, पण तीन-चार फुटांवर काळा पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि खालचा प्रत्येक फूट महाग पडतो. म्हणून आकार पक्का करण्याआधी खोल टोकाच्या जागी एक ७ फुटी चाचणी खड्डा घ्या. घराच्या पायाजवळ खड्डा नेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. आणि घर पूर्ण झाल्यावर खोदू असं म्हणू नका, कारण जेसीबीला आत यायला नऊ-दहा फुटांची वाट लागते, घराच्या बाजूच्या पाच फुटांतून तो शिरत नाही.

तोच खड्डा पावसाळ्यात पाहिला तर भूजल किती वर येतं तेही कळेल. पूल रिकामा असताना तळाच्या वर प्रत्येक फूट भूजलामागे २४ × १२ च्या तळाला सुमारे ८ टन जोराने वर ढकललं जातं. तळाला तडे जाण्याचं, कधी पूर्ण पूल उचलला जाण्याचं कारण हेच असतं. जमिनीत पाणी असेल तर तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब वाढला की ते आत घेणारी झडप) घालायला सांगा आणि जुलै-ऑगस्टमध्ये साफसफाईसाठी पूल रिकामा करू नका.

कागदावर सही करण्याआधी जागेवर फक्की मारा: एक रेघ पाण्याची, दुसरी फरसबंदीची, तिसरी कुंपणाची. त्या रेघा सोडून उरलेल्या जागेत गाडी लावून पाहा, कपडे वाळत घालायची जागा उरते का पाहा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसतं का पाहा. घरात ६ वर्षांचं मूल आहे, तेव्हा खिडकीतून पूल दिसणं मला जागेच्या सोयीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कुंपण किमान ४ फूट उंच, मुलांना चढायला आडव्या पट्ट्या नसलेलं, फाटक आपोआप मिटणारं आणि त्याची कडी ५ फुटांवर. तळाला पाणी ओढणारी तोंडं दोन असावीत, एकमेकांपासून किमान ३ फूट लांब, म्हणजे एकावर कोणी अडकलं तर दुसरं पाणी ओढत राहतं. दिवे १२ व्होल्टचे आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच). हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. नसेल तर पुलाची लांबी दोन फुटांनी कमी करून त्या पैशांत बसवून घ्या.