वय ५४, आजवर कधी व्यायाम केला नाही, आता सुरू केला तर म्हातारपण लांबेल का?

लांबतं दादा, नक्की लांबतं. केस पांढरे व्हायचे ते होणारच, सुरकुत्या पण येणार, पण दम आणि ताकद जायचा वेग कमी होतो आणि खरं म्हातारपण तिथंच असतंय.

मी नांदेडला फिजिओथेरपी करतो. तुमच्या प्रश्नाला अगदी जुळणारा एक प्रयोग सांगतो. १९६६ ला अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच पोरांना ३ आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी तेच पाचजण परत तपासले तर निघालं काय, की तीस वर्षांत त्यांचा दम जेवढा कमी झाला त्याच्यापेक्षा जास्त त्या ३ आठवड्यात गेला होता! मग पन्नाशीत त्यांच्याकडून ६ महिने हळूहळू वाढवत चालणं, पळणं, सायकल असं करून घेतलं आणि वयानं गेलेला दम परत आला. म्हणजे तुमच्याच वयाची माणसं.

आता स्नायूंचं. तिशीनंतर दर दहा वर्षाला ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर अजून जोरात, आणि हे नुसत्या चालण्यानं थांबत नाही. आपल्याकडं सगळे सकाळी फिरायला जायलेत, चांगलंय, पण मांडीची ताकद कुणीच बघत नाही. माझ्याकडं साठीचे लोक येतात ज्यांना जमिनीवरून हात न टेकता उठताच येत नाही, घरात कमोड आला, जेवायला टेबल आलं, खाली बसणंच बंद झालं ना. १९९० ला बोस्टनमधे नव्वदीच्या आसपासच्या आजी-आजोबांकडून ८ आठवडे पायानं वजन उचलून घेतलं तर ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मग ५४ म्हणजे काहीच नाही हो.

सुरुवात अशी करा, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं जोरात, आणि दोन दिवस खुर्चीवरून हात न लावता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणं. एप्रिल-मे मधे आपल्याकडचं ऊन माहितीये, सात वाजायच्या आत उरकायचं. भाकरीसोबत वरण, दही, मटकी किंवा अंडी वाढवा, स्नायूला प्रोटीन लागतं. शुगर, बीपी असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, आणि गुडघा दुखत असेल तर उंच खुर्ची घ्या, पण उठबस सोडू नका.