लेकरू हाकेला वळत नाही : मनाचं ऐकावं की अभ्यासाचं?

ताई, लेकरू 14 महिन्यांचं, धरून उभं राहतं पण पाऊल टाकत नाही. सासूबाई म्हणतात घाई करू नका, मोबाईलवर मात्र 12 महिन्यांत चालतं असं लिहिलंय. आणि हाक मारली तर वळत नाही, ही रुखरुख तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलीत. खरी काळजी त्या ओळीत आहे.

चालण्याचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी लेकरांचा अभ्यास मांडला. त्यात आधाराविना चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांत कधीही आलं. शेकडा चार लेकरं तर रांगलीच नाहीत. सासूबाईंचं इथं बरोबर आहे. 18 महिने उलटले किंवा एक पाय ओढतोय असं दिसलं तर मात्र दाखवा. बसायचा वॉकर नको, त्यात तोल सांभाळायचा सराव होत नाही आणि उंबऱ्यावर तो उलटतो. कॅनडात 2004 पासून त्याची विक्रीच बंद आहे. ढकलायचा पांगुळगाडा चालेल, पण शहाबादी फरशीवर तो सटकतो. अंगणातल्या मातीवर द्या, जवळ उभं राहून.

आता हाकेचं. ताट वाजवल्यावर दचकतो, म्हणून कान चांगले, असं धरू नका. कमी ऐकू येणारं लेकरूही मोठ्या आवाजाला दचकतं. त्याला निसटतात ते स, श, फ असे बारीक आवाज. पंखा, टीव्ही बंद करा. मागून, सावली पडू न देता, हातभर अंतरावरून हळू आवाजात नाव घ्या. वेगवेगळ्या वेळी तीनदा. वळला नाही तर, आणि वळूनही रुखरुख गेली नाही तरी, बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे यंत्रानं बघणारी) करून घ्या. आईला काहीतरी बिनसलंय हे लवकर जाणवतं, विकासाची तपासणी करणारेही आधी तेच विचारतात. पण कशानं बिनसलंय हे मनाला सांगता येत नाही. तिथंच कानात कोमट तेल घालण्यासारखे उपाय सुरू होतात आणि महिने वाया जातात. तेल घालू नका.

बेरा लेकरू झोपेत असताना होते, दुखत नाही. त्या दिवशी पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका, तिथं पोचल्यावर दूध पाजा. कान ठीक निघाले तरी तिथंच थांबू नका. बोटानं दाखवत नाही, नजर देत नाही, असं असेल तर विकासाची तपासणी मागा. अंगणवाडीताईंना सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढची तपासणी मोफत होते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि हाक मारतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ सोबत न्या, कारण नव्या जागी लेकरू बुजतं आणि घरी करतं ते तिथं करत नाही.