उघड्यावर राहणाऱ्या छोट्या कॅटामरानला कव्हर कोणतं घालावं, आणि ती ठेवावी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १६ फुटी, फायबरग्लासची, वापरलेली कॅटामरान (दोन समांतर अंगांची शिडाची बोट) घेतली आहे, ती उघड्या आवारातच राहणार आहे. तिला साधी ताडपत्री पुरेल की मापाचं शिवलेलं कव्हर घ्यावं? डोलकाठी उभी ठेवावी की उतरवावी? आणि वर्षातले चार-पाच महिने बोट पाण्यात जाणार नाही, तेव्हा काय करायचं?

कव्हर घ्यायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पाऊस असतो. पण पाण्यात राहायलाच बनवलेल्या वस्तूचं पावसाने फारसं बिघडत नाही. कॅटामरानला खातं ते ऊन. त्याच्या खालोखाल कोंडलेला ओलावा, आणि तो बऱ्याचदा चुकीच्या कव्हरमुळेच कोंडतो. हे दोन शत्रू डोळ्यांसमोर ठेवले की पुढचे निर्णय सोपे होतात.

उन्हाने काय होतं ते तुमच्या बोटीवर आत्ताच बघता येईल. हलच्या, म्हणजे बोटीच्या दोन लांब अंगांपैकी एकाच्या, वरच्या बाजूवर कोरडा तळहात घासा. हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत लेपाचा, वरचा थर उन्हाने मरायला लागला आहे. ते दिसायला वाईट असलं तरी पॉलिश आणि मेणाने बरंचसं सावरतं. खरी काळजी ट्रॅम्पोलिनची, म्हणजे दोन हलांच्या मध्ये ताणलेल्या, बसायच्या कापडाची. त्याचं कापड वर्षानुवर्षं धडधाकट दिसतं, पण शिवणीचा दोरा आधी जातो. कडेच्या शिवणीवर नख जरा जोर लावून ओढून बघा. टाके पटापट तुटले तर तो ट्रॅम्पोलिन बदलायला किंवा निदान पुन्हा शिवायला झाला आहे, कापड कितीही चांगलं दिसो. ज्या दोरीने तो ताणून बांधलेला असतो तिचंही तेच. भर वाऱ्यात दोघं माणसं एका कडेला बसलेली असताना शिवण उसवली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून एकच कव्हर परवडत असेल तर माझं मत ट्रॅम्पोलिन कव्हरला. दोन्ही हलांच्या मधला सगळा भाग, म्हणजे ट्रॅम्पोलिन, आडवे बीम, कप्प्या आणि दोऱ्या त्याखाली झाकल्या जातात. हलांचे डेक उघडे राहतात, त्यांना मेण लावत राहायचं. शिडं, सुकाणूची पाती आणि टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) काढून घरात न्यायचे. घरात नेलेल्या वस्तूला कव्हर लागत नाही, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तरी लोक शिडं बोटीवरच गुंडाळून ठेवतात. पूर्ण बोटीचं कव्हर अर्थातच अधिक चांगलं, पण ते घालणं-काढणं एकट्याला जड जातं. दर आठवड्याला बोट काढणारा माणूस कंटाळतो आणि मग ते कव्हर कोपऱ्यात पडून राहतं. तिसरा प्रकार म्हणजे दोन हलांना मोज्यांसारखे चढवायचे दोन वेगळे गलेफ. ट्रेलरवरून लांब न्यायची असेल तर हे उत्तम, कारण रस्त्यावरचे खडे आणि डांबराचे शिंतोडे पुढच्या टोकांवरच बसतात.

आता कापड. निळी प्लास्टिकची ताडपत्री आठवडा-दोन आठवड्यांच्या सोयीला ठीक. कायमची म्हणून नको. उन्हाने ती काही महिन्यांत तडकते, तिच्या चिंध्या सगळ्या आवारभर होतात. त्याहून वाईट म्हणजे ती फडफडते. कापड आणि हल यांच्यामध्ये वाळू-धूळ अडकलेली असतेच, आणि फडफडणारी ताडपत्री ती धूळ दिवसरात्र जेलकोटवर घासत बसते. कडा जिथे टेकते तिथे मग मंद पट्टा उमटतो, जणू बारीक पॉलिश पेपर फिरवला आहे. सैल कव्हरपेक्षा कव्हर नसलेलं बरं, असं मी म्हणतो ते यामुळे.

पीव्हीसीचा थर दिलेलं जाड पॉलिस्टर मजबूत असतं, पाणी अजिबात आत येऊ देत नाही. अडचण अशी की आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओली बोट त्याखाली झाकली की दुपारी वाफ आणि पहाटे थेंब, हे चक्र रोज चालू. बोटीच्या कव्हरला सर्वसाधारणपणे चांगलं ठरतं ते रंग सुतातच मुरवलेलं अॅक्रिलिक कॅनव्हास, दर चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम वजनाचं. उन्हात ते टिकतं, रंग सहज उडत नाही आणि त्यातून हवा खेळते. त्याचं वैगुण्य म्हणजे घर्षण. टोकदार धातूवर घासलं की भोक पडतं. त्यामुळे बीमचे कोपरे, डोलकाठीला धरणाऱ्या तारा जिथे अडकतात त्या पट्ट्या, सुकाणूचे मागचे ओतीव भाग आणि डोलकाठीची बैठक या जागी कव्हरला आतून दुहेरी ठिगळ असलंच पाहिजे. नसेल तर जुना टेनिसचा चेंडू चिरून त्या टोकांवर बसवा. दिसायला गबाळं, पण काम चोख होतं.

शिवून घेणार असाल तर दोऱ्याबद्दल विचारायला विसरू नका. साध्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेलं महागडं कापड म्हणजे ट्रॅम्पोलिनचीच कथा पुन्हा. निदान उन्हासाठीचं खास पॉलिस्टर हवं. पीटीएफईचा (टेफ्लॉनच्या जातीचा) दोरा सगळ्यात जास्त टिकतो, पण तो महाग आणि निसरडा, प्रत्येक शिवणकाम करणारा तो घेत नाही. रंग शक्यतो फिका घ्या. गडद निळं कव्हर रुबाबदार दिसतं, पण त्याखालची हवा तापते. फोम आणि फायबरग्लासच्या थरांनी बनलेल्या हलला अशी जास्तीची उष्णता नको असते.

माप नावावर घेऊ नका. ‘१६ फुटी’ म्हणून विकलेलं प्रत्येक कव्हर प्रत्येक १६ फुटी बोटीला बसत नाही. होबी १६ या प्रसिद्ध कॅटामरानची लांबी ५.०५ मीटर आणि रुंदी २.४१ मीटर, पण तिचा ट्रॅम्पोलिन चार खुंटांवर हलांच्या बराच वर उचललेला असतो. ट्रॅम्पोलिन डेकच्याच पातळीला असलेल्या बोटीचं कव्हर तिच्यावर ओढूनताणूनही बसणार नाही. तुमची बोट होबी १६ असेल तर मात्र नशीबवान आहात. त्या लाखाहून जास्त बनल्या आहेत, तयार कव्हर आणि सुटे भाग सहज मिळतात.

डोलकाठीचं म्हणाल तर, दर आठवड्याला बोट काढत असाल तर उभी राहू द्या, चार-पाच महिन्यांसाठी मात्र उतरवाच. उभ्या डोलकाठीसाठीच्या कव्हरला काठीभोवती आणि दोन्ही बाजूंच्या तारांभोवती चिरा ठेवाव्या लागतात. त्या चेनने किंवा वेलक्रोने बंद होतात, पण पाणी तिथून येणारच. शिवाय कॅटामरानची डोलकाठी स्वतःभोवती फिरते. वाऱ्यात ती रात्रभर डावी-उजवी आपटत राहते आणि त्या प्रत्येक हिसक्याने तारा आणि त्यांच्या टोकांची जोडणी झिजते. उभी ठेवायची असेल तर रबरी दोरीने ती एका बाजूला ओढून स्थिर करा.

उतरवलेल्या डोलकाठीचा एक फायदा फार कमी जणांच्या लक्षात येतो. ती पुढे उंच स्टँडवर आणि मागे मागच्या बीमवर उभारलेल्या आधारावर आडवी ठेवा, आणि कव्हर तिच्यावरून टाका. घराच्या आढ्यासारखा उतार आपोआप मिळतो. पाणी दोन्हीकडे वाहून जातं, साचत नाही. साचलेलं पाणी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे: ट्रॅम्पोलिनवर कव्हर खोलगट झालं की एका जोरदार सरीत शंभर लिटर सहज जमतं. म्हणजे शंभर किलो. होबी १६ सारख्या १४५ किलोच्या बोटीवर ते रात्रंदिवस लटकत राहतं, कापड ताणलं जातं, खोलगा वाढतो, पुढच्या सरीला आणखी पाणी. मात्र काठी ८ मीटरच्या आसपास लांब असते, तेव्हा दोन टोकांवरच टेकवून महिनोन्महिने ठेवू नका. मध्येही एक आधार द्या. आणि उभी करताना-उतरवताना आधी वर बघा. विजेच्या तारेला अॅल्युमिनियमची डोलकाठी लागून जीव गेलेले आहेत. होबीने काठीचं वरचं टोक वीज न वाहणाऱ्या कॉम्पोझिटचं केलं ते त्याचसाठी, पण त्याच्या भरवशावर राहू नका, खालची काठी आणि तारा धातूच्याच असतात.

वाऱ्याचं गणित आणखी वेगळं. बोट रुंद, हलकी, आणि मध्ये ताणलेलं कापड. वारा खालून शिरला की ती उचलली जाते. वादळानंतर डोलकाठी उभी असलेली रिकामी कॅटामरान शेजारच्या बोटीवर उताणी पडलेली मी पाहिली आहे. तिचं कव्हर मात्र जागच्या जागी होतं. कारण कव्हर बोटीला बांधलेलं होतं आणि बोट कशालाच नाही. ही दोन बांधणं वेगळी ठेवा. कव्हरचे पट्टे हलांच्या खालून एकमेकांना. बोटीचे पट्टे पुढच्या आणि मागच्या बीमवरून जमिनीत स्क्रूसारख्या फिरवून घातलेल्या खुंट्यांना. ट्रॅम्पोलिनच्या दोरीला किंवा कडीला चुकूनही नाही. सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो आणि स्वतःच घासून तुटतो, त्याला दोन-तीन पीळ द्या म्हणजे गप्प बसतो. डोलकाठी उभी असेल तर बोटीचं नाक नेहमीच्या वाऱ्याकडे ठेवा.

पाच महिन्यांसाठी झाकण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे गोड्या पाण्याने धुणं, आणि मग पूर्ण वाळू देणं. मीठ हवेतला ओलावा ओढतं. खारट बोट झाकून ठेवली की ती कव्हरखाली कधीच वाळत नाही. स्टेनलेस स्टीललाही मोकळी हवा लागते. ओलसर, मिठाळ, हवा न लागणाऱ्या फटीत ते आतून खातं, आणि तारांवर प्लास्टिकचं वेष्टण असेल तर ते बाहेरून दिसतसुद्धा नाही. अॅल्युमिनियमच्या बीममध्ये स्टेनलेसचे रिव्हेट असतील तर त्यांच्याभोवती पांढरी पूड दिसते का बघा. ती दोन धातूंच्या भांडणाची खूण, आणि तिला खारं पाणीच खतपाणी घालतं.

मग हलांच्या मागच्या टोकाचे पाणी काढायचे प्लग उघडा आणि उघडेच राहू द्या. बंद हलमधली हवा दुपारी फुगते, रात्री आक्रसते. जुन्या बोटीत हे दाब शिवणींवर येतात, आणि आत राहिलेलं पाणी थंड प्रदेशात गोठलं तर हल तडकूही शकतो. नाक थोडं उंच ठेवलं की उरलंसुरलं पाणी मागून गळून जातं. भोकांत जाळीचा तुकडा कोंबा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतील. डोलकाठीची आणि बूमची (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याची) उघडी टोकंही त्यांना आवडतात.

बोट थेट मातीवर किंवा गवतावर नको, खालचा ओलावा महिनोन्महिने जेलकोटला लागून राहतो. होबीसारख्या बोटीच्या तळाला पुढून मागे बाक असतो, म्हणून सपाट जमिनीवर सगळं वजन एका टिचभर जागेवर येतं. दोन्ही बीमांच्या बरोबर खाली, हलच्या आकाराचे रुंद पाळणे द्या आणि त्यावर पाणी न शोषणारा फोम लावा. बरेच जण गालिच्याचे तुकडे लावतात, ते ओले राहतात. अरुंद रोलरवर तर अजिबात नको, त्यातून तुमच्या मित्रमंडळींपैकी कुणाची पॉलिएथिलीनची बोट असेल तर तिला उन्हाळ्यात खळगेच पडतात.

शिडांत आडव्या घातलेल्या ताठ पट्ट्या सैल करा, घडी न घालता पट्ट्यांना समांतर गुंडाळा, आणि उंदीर पोचणार नाहीत अशा कोरड्या जागी ठेवा. एवढं सगळं करायला उत्साह असेल तर ट्रॅम्पोलिनही काढून घरात न्या. मग वारा मधून आरपार जातो, पाणी साचायला जागाच उरत नाही, आणि नुसते हलांचे दोन गलेफ पुरतात. पुन्हा ताणून बांधायला अर्धा दिवस मोडतो, हे खरं. पण नख लावून बघितल्यावर तुमची शिवण शाबूत निघाली, तर तो अर्धा दिवस मी तरी खर्च करीन. शिवण गेलेलीच असेल तर आधी नवा ट्रॅम्पोलिन, कव्हरचं नंतर बघू.